कवळीताईंचा डावा जबडा

कवळीताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. नवरा 'अगं' म्हणतो, लॅबमधला पॉलिशवाला 'ताई' म्हणतो आणि गावातली सगळी बोळकी तोंडं 'कवळीताई' म्हणतात. सत्तावीस वर्षं त्या एकाच लांबट खोलीत, एकाच स्टुलावर बसून कवळ्या बनवतायत. हाताशी प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, गुलाबी अ‍ॅक्रिलिकची भुकटी, आणि समोरच्या फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. माणूस भेटला की त्या आधी तोंड बघतात, चेहरा नंतर. एकदा बँकेतल्या नव्या साहेबाला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचा खालचा जबडा माझ्याकडे आहे." तो बिचारा खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

आता अशा बाईने हौशी रेडिओच्या भानगडीत का पडावं? तर त्यालाही कारण कवळीच. जहाजावर रेडिओ चालवून निवृत्त झालेला एक म्हातारा त्यांच्याकडे कवळी करायला आला. ती त्याला बसेना. तो अकरा वेळा आला. प्रत्येक वेळी वाट बघत बसला की कवळी काढायचा आणि टेबलावर टकटक, टक-टकटक वाजवत राहायचा. ताईंचं डोकं उठलं.

"हे काय चालवलंय?"

"मोर्समध्ये तुमची तक्रार करतोय."

"कुणाकडे?"

"समुद्राकडे."

आपल्याबद्दल कुणी काहीतरी बोलतंय आणि ते आपल्याला कळत नाही, हे ताईंना कसं सहन होणार? त्या हट्टाने मोर्स शिकल्या. छोटा आवाज म्हणजे बिंदू, लांब आवाज म्हणजे रेघ, आणि त्यांची अक्षरं. तीन महिन्यांनी म्हाताऱ्याची टकटक सुरू झाली, तशी ताईंनी दुसऱ्याच कुणाची तरी कवळी उचलली आणि टेबलावर उत्तर वाजवलं, 'जिभेने ढकलू नका, आपोआप बसेल.' म्हातारा इतका हसला की कवळी खरंच बसली. पुढे त्यानेच त्यांना परीक्षेला बसवलं, परवाना मिळवून दिला आणि जाताना आपली कीयरची डबी ठेवून गेला.

ही डबी काय चीज आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून जरा धीर धरा. जुन्या पद्धतीची मोर्सची खटकी असते ना, ती दाबली की आवाज, सोडली की बंद. किती वेळ दाबायची ते तुमच्या हाताने ठरवायचं. हात थरथरला की बिंदू लांबतो, घाई झाली की रेघ आखडते. कीयरचं तसं नाही. त्याला पुढे दोन पाती असतात. अंगठ्याने एक पातं दाबलं की डबी स्वतः बिंदू बनवते. बोटाने दुसरं दाबलं की रेघ बनवते, बरोबर तीन बिंदूंएवढी, आणि मधली जागा बरोबर एका बिंदूएवढी. दाबून धरलं तर बिंदूमागून बिंदू येत राहतात. दोन्ही पाती एकदम चिमटीत धरली तर बिंदू, रेघ, बिंदू, रेघ अशी एकाआड एक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदा सुरू केलेला बिंदू ती अर्धवट टाकत नाही. तुम्ही मध्येच बोट काढा, घाबरा, शिंका, तो पूर्ण होणारच. तुमचा हात कसाही असो, डबीच्या पलीकडे जातं ते नीटनेटकंच.

तर या डबीवरून ताई सोळा वर्षं दर रविवारी सकाळी दहाला एका माणसाशी बोलायच्या. तो पाण्यापलीकडे, चारशे मैलांवर, एका दीपगृहाचा रखवालदार होता. नोकरी संपली तरी दीपगृहाच्या पायथ्याच्या घरात राहायचा. ताई त्याला काका म्हणायच्या. धुक्यात वाजणाऱ्या भोंग्याशेजारी तीस वर्षं काढून काकांचे कान पार गेलेले. फोन त्यांच्या कामाचा नाही, मोबाइल त्यांनी कागदांवर वजन म्हणून ठेवलेला. पण मोर्स ते हाताने ऐकायचे. डावा तळवा स्पीकरवर ठेवायचा, त्याची थरथर वाचायची आणि उजव्या हाताने वहीत उतरवायचं. प्रत्येक शब्द. आणि कडक किती! मोर्समध्ये लागोपाठ आठ बिंदू आले की त्याचा अर्थ 'चूक झाली, मागचा शब्द खोडा'. बाकीचे लोक हे मनातल्या मनात खोडतात. काका पट्टी घ्यायचे आणि वहीतल्या त्या शब्दावर सरळ रेघ मारायचे. 'खोडलं' असं कळवायचे, मगच पुढे.

ताईंची आई गेली त्या रविवारी त्या सेटवर बसल्या आणि एवढंच सांगू शकल्या. काकांनी सांत्वनाचा एक शब्द पाठवला नाही. वीस मिनिटं ते वाऱ्याचा वेग, लाटांची उंची आणि कठड्यावर बसलेल्या पक्ष्यांची संख्या सांगत राहिले. ताईंना त्या दिवशी दुसरं कुणीच नको होतं.

"दिसतो कसा हा माणूस?" त्यांच्या नवऱ्याने एकदा विचारलं. नवऱ्याची घराखालीच पावाची भट्टी. मनाने लोण्यासारखा, पण सोळा वर्षं म्हणजे सोळा वर्षं, थोडं तरी खुपणारच.

"मला काय माहीत?" ताई म्हणाल्या. "मी त्यांचं तोंड कुठे बघितलंय?"

आणि मग एका रविवारी काकांनी कळवलं, 'मुलगा शहरात नेतोय. सहावा मजला. गच्चीवर तार लावायला बंदी. सेट शाळेला देतो. पुढच्या रविवारी दहाला शेवटचं बोलू.' ताईंनी कारणं विचारली, पर्याय सुचवले, थोडं भांडूनही घेतलं. काकांचं उत्तर एकच. 'म्हातारा झालो. पुरे.'

शेवटचं बोलणं निदान स्वच्छ ऐकू जावं, म्हणून सोमवारी खिडकीबाहेरची अँटेनाची तार ताणायला त्या स्टुलावर चढल्या. स्टूल तिरकं झालं आणि ताई दोन्ही हातांवर पडल्या. दोन्ही मनगटं मोडली. अरे, एक तरी ठेवायचं की नाही! डॉक्टरांनी कोपरापासून बोटांपर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर घातलं. तेवढ्यातही बाईसाहेब कण्हत म्हणाल्या, "पाणी जास्त झालंय. सात मिनिटांत घट्ट व्हायला हवं होतं."

घरी आल्यावर मात्र त्यांनी सेटकडे बघितलं आणि त्यांना रडू फुटलं. नाक पुसायला हात नाहीत, म्हणून नवऱ्याने पुसलं.

"अगं, मी दाबतो ना! तू सांग, मी दाबतो."

झालं. मंगळवारी सेट बंद ठेवून, नुसत्या डबीच्या पीं-पीं आवाजावर सराव सुरू झाला. पण बावीस वर्षं कणीक मळलेला हात तो. पात्याला नुसता स्पर्श करायचा असतो, हे त्या हाताला पटेचना. एक बिंदू हवा असला की पाच यायचे.

"अहो, सोडा!"

"सोडलं की!"

"उशिरा सोडलंत. आणि सोडलं तरी जो सुरू झालाय तो पूर्ण होणारच. तिला मध्ये तोडलेलं चालत नाही."

"म्हणजे तुझ्यासारखंच," नवरा म्हणाला, आणि त्या दिवसापुरता सराव संपला.

बुधवारी पायाच्या अंगठ्याने करून बघितलं. पोटरीत असा गोळा आला की शेजारीण धावत आली. हनुवटीने करून बघितलं, तर पातीच वाकली. तेव्हा ताई गप्प बसल्या, आणि त्या गप्प बसल्या की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय. गुरुवारी सकाळी नवऱ्याला घेऊन त्या लॅबमध्ये गेल्या. नवरा कशाला, तर दार उघडायला.

लॅबमध्ये पॉलिशवाला होता. त्याला सगळे चकचक म्हणतात. चाळिशीचा, कामात वाघ, पण शब्दाला लगेच लागणारा.

"चकचक," ताई म्हणाल्या, "माझा जबडा काढ."

चकचकने घाबरून नवऱ्याकडे बघितलं.

"फळीवरचा रे! माझ्या तोंडाचा साचा आहे ना, सरावासाठी काढलेला, तो. त्यावर एक चावपट्टी करायची. डाव्या दाढांखाली एक बटण, उजव्या दाढांखाली एक. डावीकडे चावलं की बिंदू, उजवीकडे चावलं की रेघ. ओठाच्या कडेने बारीक वायर बाहेर, ती कीयरला. बोटांनी दाबायचं ते दाढांनी दाबायचं. डबीला काय कळतंय कोण दाबतंय ते?"

चकचकला पटलं. तो दिवसभर खपला. ताई मागे उभ्या राहून सूचना देत होत्या आणि हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे खांद्यांनी खुणा करत होत्या. संध्याकाळी पट्टी तोंडात घातली. ती जाईना. तिरकी करून घातली तरी जाईना. ताईंनी साच्याकडे नीट बघितलं आणि त्यांचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले.

"अरे मेल्या, हा हेडमास्तरांचा जबडा आहे!"

"मग फळीवर नाव लिहावं माणसाने," चकचक फुगून म्हणाला. आणि हे मात्र खरं होतं. ताई तोंडं ओळखायच्या, नावं कुठे लिहायच्या?

शुक्रवारी दुसरी पट्टी झाली. ही बसली, अगदी लोण्यात सुरी. वायर जोडली, डबी सुरू केली. ताईंनी अजून चावलंही नव्हतं आणि डबी स्वतःच बोलायला लागली, बिंदू, रेघ, बिंदू, रेघ, थांबायचं नावच नाही. चकचक डबीवर ओरडतोय, नवरा ताईंवर ओरडतोय, आणि ताईंच्या तोंडातून फक्त "ऊं! ऊं!" शेवटी नवऱ्याने पट्टी ओढून काढली.

"लाळ!" ताई म्हणाल्या. "पत्र्याच्या पट्ट्या उघड्या ठेवल्यास ना? लाळेतून वीज जाते. डबीला वाटतंय, दोन्ही बाजू चिमटीत धरल्यात. बटणं गुलाबीमध्ये पूर्ण बुडव. धातू कुठेही दिसता कामा नये."

चकचकने बुडवली. पॉलिशही केली, सवयीने. शनिवारी पट्टी अशी झाली की दुकानात मांडावी.

मग कळलं की खरी अडचण वेगळीच आहे. माणूस दिवसात किती वेळा आवंढा गिळतो, तुम्ही कधी मोजलंय? गिळताना दोन्ही बाजूंच्या दाढा मिटतात, आणि ताईंचा प्रत्येक आवंढा डबीतून सुबक अक्षर होऊन बाहेर पडायला लागला. दुसरं म्हणजे ताईंना लहानपणापासून डावीकडे चावायची सवय. हसू आलं, राग आला, काहीही झालं की डावा जबडा आवळला जायचा आणि बिंदूंची रांग लागायची. गेल्या दहा वर्षांत आठ बिंदूंची चूक त्यांनी केली नव्हती. आता दर मिनिटाला मागचा शब्द खोडला जात होता.

त्यात खालून ताज्या पावाचा वास आला. तोंडाला पाणी सुटलं. आवंढे वाढले. डबीने जवळजवळ भाषणच केलं.

ताईंनी पट्टी काढायला लावली आणि उशीत तोंड खुपसलं. "नाही जमणार. सोळा वर्षं बोलले आणि शेवटी मी आवंढे पाठवणार त्यांना."

नवरा दारात उभा होता. डोकं खाजवत म्हणाला, "उद्या भट्टी नाही पेटवत मी."

बावीस वर्षांत त्याने एक सकाळ भट्टी बंद ठेवली नव्हती. ताप आला तेव्हाही नाही, स्वतःची बहीण गावाहून आली तेव्हाही नाही. ताईंनी उशीतून एक डोळा बाहेर काढून त्याच्याकडे बघितलं. "गिऱ्हाइकं मारतील तुम्हाला."

"मारू देत. तू दातांनी बोल, मी मार खातो."

रविवार उजाडला. भट्टी थंड. दाराला कागद, 'घरात महत्त्वाचं बोलणं असल्यामुळे पाव मिळणार नाही.' सेटसमोर ताई, तोंडात गुलाबी पट्टी, ओठाच्या कडेने दोन वायरी. वेगाचं बटण नवऱ्याने सगळ्यात हळू केलेलं. दहाला काकांचा आवाज आला, नेहमीचा, खणखणीत.

ताईंनी उत्तर दिलं. एक एक दाढ मोजून.

'आज फार हळू,' काकांनी विचारलं. 'बरी आहेस?'

'दोन्ही हात मोडले. दातांनी बोलते.'

मग, 'शेवटचा शब्द पुन्हा.'

'दातांनी.'

काका लिहीत असणार. मग आलं, 'खरे की कवळी?'

ताईंना हसू आवरेना. डावा जबडा आवळला, बिंदू सुटले, एक, दोन, पाच, आठ. काकांनी लगेच कळवलं, 'दातांनी खोडलं. मग कशाने?' हे खुलासेवार सांगण्यात दहा मिनिटं गेली. नवरा बाजूला बसून विचारत होता, "काय म्हणतायत? काय म्हणतायत?" आणि ताई त्याला कोपराने ढोसत होत्या.

पण वेळ काही थांबत नाही. काकांनी वाऱ्याचा वेग सांगितला. लाटा कमी. कठड्यावर चार पक्षी. सामान बांधून झालंय, सेट शेवटी बांधायचाय. मग म्हणाले, 'सोळा वर्षं छान गेली, पोरी.' आणि रेडिओवाल्यांचा निरोपाचा आकडा पाठवला, त्र्याहत्तर. सगळ्या जगात हे लोक बोलणं संपवताना त्र्याहत्तर म्हणतात. दोन्हीकडून म्हणून झालं की संपलं.

आता ताईंची पाळी. त्यांनी सात पाठवला. तीन पाठवला. आणि मग जे व्हायचं ते झालं. आतून हुंदका आला. तो बाहेर पडू नये म्हणून त्यांनी दात आवळले, सगळी ताकद लावून, नेहमीसारखे डावीकडे. खांदे हलत होते, हनुवटी थरथरत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि डबीतून मात्र एकसारखे, मापात कापलेले बिंदू बाहेर पडत होते. सहा. सात. ताईंनी दात सोडले, पण आठवा सुरू झालेला होता. डबीने तो पूर्ण केला.

खोलीत आवाज थांबला.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. ताई मान हलवत होत्या. काय झालं ते त्यांना कळलं होतं.

पलीकडे काकांनी पट्टी घेतली असणार. मग काका आले, सावकाश.

'त्र्याहत्तर खोडलं.'

ताई तशाच बसल्या. 'नाही काका, चुकून झालं' असं सांगायला चार-पाच शब्द पुरले असते. त्यांनी दाढ उचलली, परत ठेवली. सांगितलं नाही. का सांगावं? आठवडाभर शहाण्यासारखं वागून झालं होतं.

'मग काय म्हणायचंय?' काकांनी विचारलं.

ताईंनी एक एक अक्षर चावून पाठवलं, 'पुढच्या रविवारी. दहा.'

काकांकडून आलं, 'तार कुठे लावू?'

'शहरातल्या गॅलरीत कपड्यांची दोरी आहे?'

'आहे. सहा दोऱ्या.'

'एकीच्या जागी तार लावा.'

काकांनी यावर होही म्हटलं नाही आणि नाहीही. सेट बंद केला.

तो आठवडा ताईंनी कसा काढला ते विचारू नका. चकचकला त्यांनी चार वेळा रडवलं. पुढच्या रविवारी भट्टी परत थंड, कागद परत दारावर, गिऱ्हाइकं खाली कुरकुरतायत. दहा वाजले. काही नाही. दहा वाजून पाच मिनिटं. ताई तोंडात पट्टी घेऊन डोळे मिटून बसलेल्या. नवऱ्याने आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, नुसती खरखर.

आणि खरखरीच्या तळाशी, उंदीर कुरतडावा इतकं बारीक, काहीतरी हललं. ताईंनी हात वर केला, प्लास्टरसकट.

'सेट शाळेला दिला नाही. गॅलरीत वारा मंद,' काका सांगत होते. 'तारेवर दोन टॉवेल, एक पायजमा. ओले आहेत. सुनेला तार म्हणून माहीत नाही. ऐकू येतंय का?'

"येतंय!" ताई तोंडातल्या पट्टीसकट ओरडल्या, आणि डबीतून भलतंच काहीतरी गेलं.

मध्येच काकांचा आवाज एकदम मोठा झाला, इतका की नवरा दचकला. ताई पुढे वाकून ऐकायला लागल्या.

'सुनेने एक टॉवेल काढला,' काकांनी कळवलं. 'पायजमा राहू दे म्हणालो. अंगात घालायला दुसरा आहे. सांग, तुझे हात कसे आहेत?'